मागचें चाक: रिम कोणती, आरे कोणते?

गेल्या अंकांत शिवणयंत्राच्या निगेविषयीं लिहिल्यानंतर वाचकांचीं जीं पत्रें आलीं, त्यांत एक पत्र अगदीं निराळ्या विषयाचें होतें. सांगलीकडील एक भगिनी लिहितात, "यजमान रोज सायकलनें कामावर जातात. सायकल मामंजींच्या वेळची, अठ्ठावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची. सांगाडा अजून भक्कम आहे. परंतु मागच्या चाकाची एक ना एक तार महिना-दीड महिन्यानें तुटतेच. दुकानदार दर वेळीं एक तार घालून चाक सरळ करून देतो आणि पुन्हां तेंच. आतां चाक नव्यानें बांधून घ्यावें असें ठरलें आहे. पण रिम कोणती घ्यावी आणि तारा कोणत्या घ्याव्या, हें आम्हांस कांहींच कळत नाहीं. टिकाऊ तें सुचवावें."

प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्या घरांतील माणूस त्या चाकावर बसून रोज रहदारींतून जातो, त्या घरास तो लहान नाहीं. प्रस्तुत लेखकानें एकदां तो लहान मानला होता. त्याची किंमत कोणी दिली, हें आधीं सांगितल्यावांचून पुढील सल्ला देण्याचा अधिकार त्यास पोंचत नाहीं.

आमच्या मातोश्री पुण्यांत शिक्षिका होत्या. १९६८ सालीं त्यांनीं शाळेंत जाण्यासाठीं सव्वीस इंची जनानी सायकल घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत त्या तिच्यावरूनच शाळेंत गेल्या. पुढें ती सायकल बरींच वर्षें जिन्याखालीं उभी होती. आमची कन्या महाविद्यालयांत जाऊं लागली, तेव्हां तिनें आजीची सायकल हट्टानें बाहेर काढविली. नवे टायर घातले, साखळी बदलली, रंगही दिला. चाकें मात्र जुनींच ठेविलीं. चार महिन्यांत मागच्या चाकाचे तीन आरे तुटले. तिन्ही वेळां जवळच्या एका दुकानांत एकेक आरा घालून घेतला. तिसऱ्या वेळीं चाक ब्रेकला घासत होतें, म्हणून त्याचा आउटही काढून घेतला. "सगळेच आरे बदलूं या का?" असें दुकानदारानें विचारलें होतें. "तूर्त चालेल इतकें करा," असें उत्तर मींच दिलें. चाक सरळ फिरूं लागलें आणि मी संतुष्ट झालों.

त्याच आठवड्यांत एके संध्याकाळीं कन्या ओसरीवर सायकल पुशीत बसली होती. फडक्याबरोबर तिचीं बोटें आऱ्यांवरून फिरत होतीं. आई आंत तंबोरा जुळवीत होत्या. त्या उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, या चाकाच्या तारा बघ कशा बोलताहेत. एक चढलेली, तर शेजारची अगदींच मेलेली. पुन्हां दाखवून घे बरं." मीं हंसून म्हटलें, "आई, तो तंबोरा नव्हे." पुढच्या मंगळवारीं उतारावर एक खड्डा चुकवितांना तेंच चाक एकाएकीं वांकून पापडासारखें झालें आणि कन्या रस्त्यावर पडली. मागून येणारी रिक्षा वेळेवर थांबली, एवढेंच नशीब. तिच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता आणि वार्षिक परीक्षेचे पेपर तिला लेखनिक घेऊन द्यावे लागले.

दोष दुकानदाराला द्यावा, तर त्यानें विचारलें होतें. चाकाला द्यावा, तर तेंही आपल्या परीनें सांगत होतें, आणि घरांतल्या एका माणसाला तें ऐकूंही आलें होतें. ही गोष्ट मनाला लागून राहिल्यामुळें मीं पुढें या विषयाचा जमेल तितका अभ्यास केला आणि एका वृद्ध कारागिराच्या शेजारीं बसून तें चाक बांधून घेतलें. त्यांतून जें कळलें, तें येथें देत आहें.

बैलगाडीचें चाक भार कसा पेलतें, हें डोळ्यांना दिसतें. मधल्या तुंब्यावर आलेलें ओझें खालच्या लांकडी आऱ्यावर टेकतें, आणि तो आरा खांबाप्रमाणें तें तोलून धरतो. सायकलचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. ती खांबाचें काम कसें करणार? ही अडचण सोडविणाऱ्यांत पॅरिसचा यूजीन मेयर हा एक प्रमुख होय. ताणलेल्या तारांच्या चाकाचें पेटंट त्यानें १८६९ सालीं घेतलें. पुढें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ले यानें १८७४ सालीं आरे तुंब्यापासून सरळ बाहेर न काढतां तिरपे, एकमेकांना छेदून जातील असे लावण्याची युक्ति काढली. पायडलचा जोर तुंब्यापासून रिमेपर्यंत पोंचवावयास हे तिरपे आरे फार उपयोगी पडतात. आज आपल्या दारांतील सायकलचें मागचें चाक त्याच घडणीचें आहे.

या चाकांतील सर्व आरे ओझें येण्यापूर्वींच चोहोंकडून ताणून ठेविलेले असतात. माणूस सायकलवर बसला म्हणजे जमिनीजवळच्या थोड्या आऱ्यांचा ताण कमी होतो. बाकीच्यांचा जवळजवळ होता तसाच राहतो. जोब्स्ट ब्रांट या अभियंत्यानें सायकलच्या चाकावर १९८१ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत ही गोष्ट गणितानें दाखविली आहे. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक आरा एकदां सैलावतो आणि पुन्हां ताणला जातो. सव्वीस इंची चाकाचा घेर सुमारें दोन मीटर. तेव्हां एका किलोमीटरास पांचशेंच्या आसपास फेरे होतात. रोजचे आठ किलोमीटर आणि वर्षाचे अडीचशें दिवस धरले, तर वर्षाकांठीं हे फेरे दहा लक्षांच्या घरांत जातात. तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं, पुनःपुन्हां इकडून तिकडे वांकविल्यानें तुटते, हें आपण सर्वांनीं लहानपणीं हातांनीं करून पाहिलेलें आहे.

यावरून सर्वसाधारण समजुतीच्या उलट गोष्ट निघते. चाकांतला आरा फार ताणल्यामुळें सहसा तुटत नाहीं. तो ढिला राहिल्यामुळें तुटतो. पुरेसा ताणलेला आरा ओझें आल्यावरही कांहीं ताण राखून असतो. ढिला आरा मात्र दर फेऱ्यास पार सुटतो आणि पुन्हां हिसका खातो. त्याचें डोकें तुंब्याच्या भोंकांत हलत राहतें, आणि डोक्याजवळ जेथें तो काटकोनांत वांकविलेला असतो, तेथेंच एके दिवशीं त्याचा तुकडा पडतो. मग त्याचें ओझें शेजाऱ्यांवर जातें. सर्व आरे एकाच दिवशीं घातलेले आणि तितकेच फेरे फिरलेले असल्यामुळें एकाची वेळ भरली कीं दुसऱ्यांचीही जवळ आलेली असते. म्हणून साखळी घसरून किंवा काठी अडकून एखादा आरा तुटला असेल, तर तेवढा एकच बदलावा. परंतु कांहीं निमित्त न घडतां दोन-तीन आरे तुंब्याजवळ तुटले, तर सर्वच्या सर्व बदलावे. सांगलीच्या भगिनींच्या चाकाची स्थिति हीच दिसते; नव्या बांधणीचा त्यांचा निर्णय योग्य आहे.

आतां रिमेकडे वळूं. पहिला प्रश्न मापाचा. केवळ 'सव्वीस इंची' किंवा 'अठ्ठावीस इंची' एवढें सांगून रिम आणूं नये. टायरच्या कुशीवर दोन संख्या जोडून छापलेल्या असतात. त्यांतील दुसरी, तीन आंकडी संख्या म्हणजे टायर रिमेवर ज्या ठिकाणीं बसतो तेथील व्यास, मिलिमीटरमध्यें. जुन्या घडणीच्या, १⅜ इंच रुंदीच्या सव्वीस इंची टायरावर ही संख्या ५९० असते, तर जाड टायरांच्या डोंगरी सायकलीच्या सव्वीस इंची टायरावर ५५९. अठ्ठावीस इंचींतही तसेंच. जुन्या भारी सायकलींच्या दीड इंच रुंद टायराची संख्या ६३५, आणि दुसऱ्या एका अठ्ठावीस इंची मापाची ६२२. नांव एक असलें तरी एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमेवर बसत नाहीं. तेव्हां ही संख्या आणि आऱ्यांची संख्या कागदावर लिहून दुकानांत जावें. इंग्रजी पद्धतीच्या जुन्या सायकलींस पुढें ३२ आणि मागें ४० आरे असत. इतर पुष्कळ सायकलींस दोन्हीकडे ३६ असतात. तुंबा जुनाच ठेवावयाचा असेल, तर रिमेचीं भोंकें त्याच्याइतकींच पाहिजेत.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. दांड्यांच्या ब्रेकचे रबर रिमेच्या आंतल्या, म्हणजे तुंब्याकडे तोंड असलेल्या अंगास लागतात. त्यांस गोलाईदार कडांची पोलादी रिमच हवी. व्यापारांत तिला वेस्टवुड म्हणतात. तारेचे ब्रेक रिमेला दोन्ही कुशींनीं चिमट्यासारखे धरतात. त्यांस सपाट कुशीची रिम लागते, आणि तेथें ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची घेणें हिताचें. पोलादावर क्रोमचा चकचकीत मुलामा असला, कीं पावसांत भिजल्यावर ब्रेक फार उशिरां धरतो. ॲल्युमिनियमवर तो पुष्कळच लौकर धरतो. पावसाळ्यांत दांड्यांचे ब्रेक वापरणारांनीं उतारावर वेग आधींच आवरावा.

ॲल्युमिनियमची रिम घेणारांनीं ती दुपदरी, म्हणजे आंतून पेटीसारखी पोकळ असलेली घ्यावी. एकेरी पट्टीची रिम स्वस्त पडते, परंतु खड्ड्याच्या धक्क्यानें ती लौकर वांकते. आऱ्यांच्या भोंकांना धातूच्या कड्या बसविलेल्या असतील तर अधिक चांगलें. अशा रिमेची कूस ब्रेकच्या घासण्यानें हळूहळू झिजते. सरळ पट्टी लावून पाहिली असतां ती खोलगट दिसली, कीं रिम निकालांत काढावी. पातळ झालेली कूस टायरांतील हवेच्या दाबानें फाटूं शकते. नवी रिम, मग ती कोणत्याही धातूची असो, घेण्यापूर्वीं कांचेच्या सपाट फळीवर ठेवावी. ती डुलली तर परत करावी. तिच्या सांध्यावरून बोट फिरवावें. तेथें पायरी लागतां कामा नये.

जुनीच रिम ठेवून केवळ आरे बदलले तर चालेल काय, असें पुष्कळजण विचारतात. माझी चूक नेमकी येथेंच झाली होती. खड्ड्यांत वांकलेली रिम आरे कमीजास्त ओढून सरळ *दिसूं* शकते. वांकलेल्या जागीं एका बाजूचे आरे अतिशय आवळावे लागतात आणि समोरच्या बाजूचे ढिले सोडावे लागतात. चाक ब्रेकमधून न घासतां फिरतें, मालकाचें समाधान होतें. परंतु ताणाची वांटणी पार बिघडलेली असते. आमचें चाक पडण्याच्या दिवशींही असेंच सरळ फिरत होतें. म्हणून सर्व आरे काढल्यावर मोकळी रिम सपाट बसत असेल, भोंकांभोंवतीं तडे नसतील आणि गंजानें पत्रा खाल्ला नसेल, तरच तिला पुन्हां कामास लावावें.

आऱ्यांच्या बाबतींत धातु, जाडी आणि लांबी अशा तीन गोष्टी पाहावयाच्या. धातु म्हणाल तर स्टेनलेस पोलाद. जस्ताच्या मुलाम्याचे आरे स्वस्त असतात आणि कोरड्या हवेंत बरे टिकतातही. परंतु मुलामा गेला कीं गंज धरतो, आटे जाम होतात आणि पुढें ताण कमीजास्त करावयास गेलें तर आरा पिळून तुटतो. कोंकणपट्टींत, जेथें हवेंतच मीठ आहे, तेथें दुसरा विचारच करूं नये. लोहचुंबक लावून स्टेनलेसची परीक्षा करणें मात्र फसवें आहे. अस्सल स्टेनलेसची तारही थंड स्थितींत ओढून काढलेली असल्यानें चुंबकाला थोडी ओढ देते. खात्रीच्या दुकानांतून, पेटीवरील मजकूर वाचून माल घ्यावा, हें उत्तम.

जाडीविषयीं लोकांची कल्पना अशी, कीं आरा जितका जाड तितकें चाक बळकट. प्रत्यक्षांत नेहमींच्या वापरास दोन मिलिमीटर, म्हणजे चौदा गेजचा आरा पुरतो. जाड तार ताणली असतां फार थोडी लांबते; त्यामुळें रिम जराशी दबली कीं तिचा ताण एकदम उतरतो. किंचित् बारीक तार अधिक लांबते आणि तो ताण राखून ठेवते. म्हणूनच उंची आरे दोन्ही टोकांस दोन मिलिमीटर आणि मध्यें १.८ मिलिमीटर अशा घडणीचे करतात. तुटण्याची जागा जेथें, तेथें जाडी; आणि मध्यें लवचिकपणा. परवडत असतील तर ते घ्यावे. न परवडले तर साधे दोन मिलिमीटरचे चांगल्या स्टेनलेसचे आरे वर्षानुवर्षें काम देतात. आऱ्याचें डोकें तुंब्याच्या भोंकांत हलत असेल, तर डोक्याखालीं पितळेचा लहानसा वायसर घालावा. रिमेकडील टोकास बसणारे निपलही पितळेचेच घ्यावे. ॲल्युमिनियमचे हलके असतात, परंतु ओलीनें खाल्ले जातात.

लांबी मिलिमीटरपर्यंत अचूक पाहिजे. वांकणाच्या आंतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत ती मोजतात. आरा आंखूड पडला तर निपलाच्या डोक्यापर्यंत आटे पोंचत नाहींत आणि तें डोकें तुटतें. लांब झाला तर एकेरी रिमेंत त्याचें टोंक वर येऊन ट्यूबला भोंसकतें. आवळून झाल्यावर टोंक निपलाच्या डोक्यावरील खांचेपर्यंत आलें म्हणजे माप जुळलें. मागच्या चाकांत फ्रीव्हीलच्या बाजूचे आरे दुसऱ्या बाजूपेक्षां थोडे आंखूड लागूं शकतात, हें कारागिरास आधीं विचारावें.

सामान उत्तम असलें तरी चाकाचें आयुष्य शेवटीं बांधणाऱ्याच्या हातावर राहतें. आटे तेलांत बुडवून मगच निपल चढवावे. सर्व आरे थोडे थोडे, अनेक फेऱ्यांनीं आवळीत जावे. एकाच जागीं ओढून चाक सरळ करण्याची घाई करूं नये. मजबूत ॲल्युमिनियमच्या रिमेंत मागच्या उजव्या बाजूच्या प्रत्येक आऱ्यावर सुमारें शंभर किलोग्रॅम वजन टांगल्याइतका ताण असतो. तो मोजण्याचें यंत्रही मिळतें. शेवटीं समांतर जाणारे दोन-दोन आरे मुठींत धरून जोरानें दाबावे. त्यानें आऱ्यांचीं वांकणें आपापल्या जागीं नीट बसतात आणि वांकवितांना धातूंत राहिलेला ओढा उतरतो. हें काम पांच मिनिटांचें आहे. तें केलें कीं नाहीं, हें अवश्य विचारावें.

आणि मग कान लावावा. सारख्या जाडीच्या व सारख्या लांबीच्या तारा सारख्या ताणल्या, तर त्यांचा नादही सारखा येतो. मागच्या चाकांत फ्रीव्हीलमुळें उजव्या बाजूचे आरे अधिक ताणावे लागतात, म्हणून त्यांचा नाद चढा असतो. उजवे आरे उजव्यांशीं आणि डावे डाव्यांशीं ताडून पाहावे. त्यासाठीं संगीत येण्याची गरज नाहीं. बद्द वाजणारा आरा कोणाच्याही कानाला कळतो. पहिल्या पंधरवड्यानंतर एकदां आणि पुढें महिन्याकांठीं असें पाहत गेलें, तर तुटण्यापूर्वींच चाक आपली तक्रार सांगतें.

तेव्हां सांगलीच्या भगिनींनीं ६३५ मापाची, जुन्या तुंब्याला जितके आरे आहेत तितक्या भोंकांची पोलादी वेस्टवुड रिम घ्यावी. तुंब्यांतील वाट्या गुळगुळीत असतील तर तुंबा तोच ठेवावा. आरे दोन मिलिमीटरचे स्टेनलेस, निपल पितळी. पुढेंमागें पैशांची ओढाताण झाली तर रंग आणि घंटा मागें ठेवावी, बांधणाऱ्याच्या मजुरींत मात्र घासाघीस करूं नये.

आमच्या चाकाचें पुढें काय झालें, तेंही सांगतों. प्लास्टर निघाल्यावर दोन महिने कन्येनें सायकलला हात लावला नाहीं, आणि आम्हीही तो विषय काढला नाहीं. चाक बांधून घरीं आलें, त्या संध्याकाळीं मीं तें ओसरीवर नेऊन आईंपुढें धरलें. त्यांनीं उजवे वीस आरे एकामागून एक छेडले आणि त्यांतले दोन दाखविले. कारागिराच्या पान्यानें मीं ते पाव फेरा आवळले. मग त्यांनीं डावे ऐकले. कन्या दारांत उभी राहून पाहत होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें कोणाला न विचारतां सायकल बाहेर काढली.

त्या गोष्टीस आतां तीन वर्षें झालीं. त्या चाकाचा एकही आरा अद्याप तुटलेला नाहीं. आईंना हल्लीं ओसरीपर्यंत येणें होत नाहीं. महिन्याच्या पहिल्या रविवारीं कन्या चाक त्यांच्या खोलीच्या दाराशीं आणते आणि स्वतःच छेडून पाहते. आई आंतून ऐकतात.